सत्त्याहत्तर ट्रेंचा हप्ता

बशीत कप टेकला आणि खडखडला. झोपलेल्या घरात तेवढा आवाजही केवढा तरी वाटला. तिने ओट्यापासून मान वळवली. नवऱ्याचं बोट कपाच्या कानातच अडकून राहिलं होतं. हा माणूस एरवी मांजराच्या पावलांनी वावरायचा. त्याच्या हातून भांडं वाजलं की समजायचं, काहीतरी बोलायचंय आणि जीभ रेटत नाहीये.

"बोला," ती म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही तर कप कशाला बडवताय?"

तो ओशाळून हसला आणि लगेच हसू गिळून म्हणाला, "कालचे साठही परत आले."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "बोलणं झालं असेल तर मलाही घोटभर चहा द्या. मी कधीची जागी आहे."

साठ म्हणजे टोमॅटोच्या रोपांचे साठ ट्रे. घरामागच्या हिरव्या जाळीखाली रोपं करायची आणि बागवाल्यांना पोचवायची, यावर हे घर चालायचं. ती ट्रे भरायची, सासूबाई बी टाकायच्या, नवरा पाणी आणि पोचवणी बघायचा. एका ट्रेला अठ्ठ्याण्णव खळगे. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण चिमटीतून एका खळग्यात एकच बी पडायचं, दोन कधी नाही.

पोचवणीला एक टेम्पोवाला होता. पंधरा वर्षं त्यानेच रोपं नेली. मागच्या महिन्यात त्याने टेम्पो विकला आणि तो लेकीकडे राहायला गेला. तेव्हापासून नवरा मोटरसायकलला लाकडी घोडा, म्हणजे ट्रे ठेवायची चौकट, बांधून एका खेपेला सहा ट्रे न्यायचा. वाटेत वारा लागायचा. कोवळ्या रोपाला वारा म्हणजे कानशिलात बसल्यासारखाच. काल दहा खेपा केल्या, आणि शेवटच्या खेपेला गिऱ्हाइकाने एक ट्रे उचलून मजुरांसमोर धरला. "ही रोपं आहेत की उकडलेली भाजी?" मजूर हसले. मग सगळे साठ ट्रे पुन्हा सहा-सहा करून परत आणले.

हे सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. दोरी आवळून आवळून बोटांच्या पेरांवर चरे पडले होते.

"आणि ते अडीचशे?" तिने विचारलं.

तेच तर होतं. दोन तासांच्या वाटेवरच्या एका मोठ्या बागवाल्याने अडीचशे ट्रे सांगून ठेवले होते. रोपं अठरा दिवसांची झाली होती. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती मातीत गेली पाहिजेत. त्यापुढे खळग्यातली मुळं एकमेकांना गुंडाळतात, देठ उंच आणि पोचट होतो आणि कुणी फुकटही घेत नाही. अडीचशे ट्रे गेले तर वर्ष निघणार होतं. राहिले तर पुढच्या बियाण्याचेही वांधे.

"गाडी घेऊ," तो एका दमात म्हणाला. "जुनी. बघून ठेवलीय."

*

गाडीबाजारात जाताना त्याने बरोबर एक रिकामा ट्रे घेतला. बसमध्ये तो मांडीवर उभा धरून बसला. तिच्या कडेवर आठ महिन्यांचं बाळ, बोटाला सहा वर्षांची लेक. लेक म्हणाली, "बाबा, ट्रेचं तिकीट काढलं का?" कंडक्टरही हसला.

पांढरी, डब्यासारखी गाडी होती. नवऱ्याने मागचं दार उघडलं, सीट पाडली आणि गुडघ्यांवर रांगत ट्रे आडवा-उभा ठेवून मापं घेतली. विकणारा पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "लोक किती पळाली ते विचारतात, हा पाळणा मांडतोय." नवऱ्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं तरी दाखवलं नाही. बाहेर आला तेव्हा कानांपर्यंत हसत होता. "खाली बारा. वर तीन कप्पे केले तर अठ्ठेचाळीस. आणि वारा नाही, अगं. काचा आहेत."

गाडीबाजाराच्या मालकांनी खुर्च्या दिल्या, थंड सरबत मागवलं, लेकीला चॉकलेट दिलं. गाडीची किंमत एक लाख ऐंशी हजार सांगितली. साठ हजार आता, बाकीचं कर्ज इथेच करून देतो म्हणाले. मग पुढे झुकून, घरच्या माणसासारखं विचारलं, "दादा, महिन्याला किती झेपेल? अगदी मोकळेपणाने सांगा."

नवऱ्याने मोकळेपणाने सांगितलं. तो सगळा हिशेब ट्रेमध्ये करायचा. एका ट्रेमागे खर्च जाऊन साठ रुपये सुटतात. महिन्याला पंचाहत्तर ते ऐंशी ट्रे गाडीसाठी बाजूला काढता येतील. "म्हणजे साडेचार ते पावणेपाच हजार," तो म्हणाला.

त्याच्या धंद्याची रीतच ती होती. गिऱ्हाईक आलं की आधी त्यालाच विचारायचं, रान किती, सरी किती अंतराची. त्याने खरं सांगितलं की तेवढीच रोपं मोजून द्यायची, वर शेकड्याला पाच तुटीची म्हणून. गरज खरी सांगितली की माप खरं मिळतं, असंच त्याला आयुष्यभर दिसलेलं.

मालकांनी थोडा वेळ बटणं दाबली. मशीनमधून कागद आला. हप्ता चार हजार सहाशे पंचवीस.

"बघ," तो तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "सत्त्याहत्तर ट्रे. आपल्याच मापात बसला."

तिला ते बसणंच खटकलं. इतकं नेमकं काही बसतं का कधी? शिवलेला ब्लाउजसुद्धा एकदा उसवावा लागतो.

"किती महिने?" तिने विचारलं.

मालकांनी उत्तर नवऱ्याला दिलं. "वहिनींना सांगा, महिने मोजत बसलं की काळजी वाढते. हप्ता बघायचा. आणि दादा, संध्याकाळी या गाडीला दुसरं गिऱ्हाईक येतंय. मी तुमच्यासाठी थांबवलीय."

"पण किती..."

बाळाने तेव्हाच सूर लावला. भुकेचा. तिने पदर सावरला, बाळ मांडीत फिरवलं, पण ते ऐकेना. मालक आपुलकीने म्हणाले, "वहिनी, आत फाइलवाल्या बाई आहेत, तिथे बसा निवांत. इथे पुरुषमाणसं येत-जात असतात. हा कागद घ्या, हवं तर वाचा. सही काय, दादा करतीलच."

*

आतल्या खोलीत चारी भिंतींना फायली होत्या. पन्नाशीच्या एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी काही न विचारता आपली खुर्ची भिंतीकडे वळवून दिली आणि स्वतः स्टुलावर बसल्या. लेकीला एक जुनी वही आणि पेन्सिल दिली. लेक खाली मांडी ठोकून गाडी काढायला लागली.

बाळ लुचायला लागलं तशी तिच्या खांद्यांतली ओढ सैल झाली. दुसऱ्या हातात कागद होता. आकडे ओळीने उभे होते, तिच्याकडे बघत.

"ताई, यात काय लिहिलंय?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. "कशात?"

"यात."

"असं नाही चालत," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आपणहून सांगायची मला परवानगी नाही. पगार त्यांचा खाते. पण कुणी नेमकं विचारलं तर मी खोटं सांगत नाही. बावीस वर्षं एवढंच सांभाळलंय."

"पण काय विचारायचं तेच मला कळत नाही."

बाईंनी पुन्हा दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बोट आहे ना तुला?"

तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कुणाला जातं?"

"नावबदल. सरकारला. ते सगळ्यांनाच."

"हे?"

"विमा. तोही हवाच. हे दोन्ही रोख भरायचे, कर्जात नाहीत."

"हे?"

"फाइल चार्ज. साडेचार हजार. या खोलीला." बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "म्हणजे मला नाही."

"हे?"

"हाताळणी. सहा हजार. गाडी त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात आणली, त्याचे."

तिला हसू आलं, बाळ दचकलं, ती थांबली. पुढच्या ओळीवर रंगावरच्या कोटिंगचे साडेसात हजार होते, त्याच्याखाली वाढीव वॉरंटीचे बारा हजार. "हे नको म्हटलं तर?"

"नको म्हटलं तर काढावं लागतं. चारही. आजवर कुणी म्हटलं नाही असं नाही, पण थोड्यांनी."

तीस हजार. तिने मनात बेरीज केली. ते तीस हजार कर्जातच घातले होते, एक लाख वीसचे दीड लाख झाले होते. शेवटी तिने तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"अठ्ठेचाळीस महिने," बाई म्हणाल्या. "बारा टक्के. फ्लॅट."

"फ्लॅट म्हणजे?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "घरचा धंदा काय तुमचा?"

तिने सांगितलं. बाईंनी विचारलं, "ट्रे परत घेता?"

"हो. रोपं लावून झाली की आणून देतात. उशीर केला तर भाडं लावतो, महिन्याला."

"कुणी शंभर ट्रे नेले आणि दर महिन्याला थोडे थोडे परत केले, तर भाडं कितीचं लावता?"

"राहिलेल्यांचं."

"फ्लॅट म्हणजे शेवटचा ट्रे येईपर्यंत शंभराचं."

बाळाने दूध सोडलं होतं आणि ओठ नुसतेच हलवत होतं. तिला आठवलं, एकदा एका म्हाताऱ्याचे चार ट्रे राहिले होते, तर सासूबाईंनी चाराचंही भाडं घेतलं नव्हतं.

"चार वर्षांनी सगळे मिळून किती होतात?"

बाईंनी कागदाच्या कोपऱ्यावर आकडा लिहिला, तिला दाखवला आणि लगेच खोडरबराने पुसला. साठ हजार धरून दोन लाख ब्याऐंशी हजार. एक लाख ऐंशीच्या गाडीचे.

तिला एकदम काहीतरी सुचलं. "कर्ज दुसरीकडून आणलं तर चालतं?"

बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. परीक्षेत पोर अवघड उत्तर बरोबर देतं, तेव्हा बघतात तसं. "चालतं," त्या म्हणाल्या. "न चालायला काय झालं?"

*

"आज सही नको," ती बाहेर येऊन म्हणाली. नवऱ्याचा चेहरा पडला. मालक हसतच राहिले, पण सरबताचे ग्लास लगेच उचलले गेले.

ट्रे हातात धरून तो बसथांब्यापर्यंत दोन पावलं पुढेच चालला. मग म्हणाला, "एवढं त्या माणसानं केलं आणि तू चारचौघांत..."

तिने ट्रे त्याच्या हातातून घेतला, बाकावर ठेवला आणि त्या रिकाम्या खळग्यांवर बोट फिरवत भाड्याचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी बाकावर बसला, नुसताच.

"त्यांनी विचारलं म्हणून मी खरं सांगितलं," तो म्हणाला. "मी पावणेपाच म्हटलं नसतं तर?"

"तर कागद दुसऱ्या मापाचा निघाला असता."

"मूर्ख आहे मी."

"अजिबात नाही," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना आपल्यासारखं समजता. म्हणूनच तर मी लग्न केलं."

लेक मध्येच म्हणाली, "आणि ट्रेचं तिकीट?" तो हसला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दोघं पतसंस्थेत गेले. चार वर्षं तिथे थोडे थोडे साठवून सत्तर हजार जमले होते, पण कर्ज मागायचं कधी मनात आलं नव्हतं. ते मोठ्यांचं काम असं वाटायचं. मॅनेजर म्हणाले, "चौदा टक्के."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. चौदा म्हणजे बाराहून जास्तच की.

खुर्ची एकच होती, ती उभीच होती. पण बोट होतं. "चौदा कशावर? राहिलेल्यावर की सगळ्यावर?"

मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं. "राहिलेल्यावर. जेवढं फेडाल तेवढं कमी होत जातं."

"छत्तीस महिन्यांत फेडलं तर हप्ता किती?"

"चार हजार एकशे एक."

"याशिवाय अजून काही? फाइल, हाताळणी?"

"अर्जाचे शंभर." मॅनेजर हसले. "तुम्ही कुठे नोकरीला होता का?"

"अडुसष्ट ट्रे," नवरा स्वतःशीच पुटपुटला. "आणि वर्षभर आधी मोकळे."

जामीन म्हणून सासूबाई आल्या. सही करताना त्यांनी नाव इतकं सावकाश काढलं की मॅनेजरांचा चहा गार झाला. "डोळे नाहीत," त्या म्हणाल्या, "पण सही माझीच आहे, घाबरू नका." मंजुरीला पाच दिवस लागणार होते.

ते पाच दिवस मोठे कठीण गेले. रोपं वाढायची थांबत नाहीत, माणसांची कागदपत्रं होईपर्यंत. त्यांनी पाणी तोडलं. सकाळी एकदा, तेही झारीने वरवर. जाळी गुंडाळून रोपांना उन्हात घेतलं, म्हणजे देठ राठ होतील. ती बाळाला पाठीशी बांधून एकेक ट्रे उचलून उन्हाकडे फिरवायची. अडीचशे ट्रे, दिवसातून दोनदा. रात्री कंबर ताठ व्हायची, अंथरुणावर कुशीला वळतानाही दात आवळावे लागायचे. नवरा तिकडे फळ्या कापून गाडीत बसतील असे कप्पे करत होता, न घेतलेल्या गाडीचे. सासूबाई रोपांवरून हाताचा तळवा फिरवायच्या आणि सांगायच्या, "अजून आहेत. उद्यापर्यंत आहेत." तिला त्या तळव्याचा केवढा आधार वाटायचा.

*

चोविसाव्या दिवशी ते धनादेश घेऊन गाडीबाजारात गेले. गाडी तिथेच उभी होती. संध्याकाळचं ते दुसरं गिऱ्हाईक बहुधा अजून वाटेतच होतं.

या वेळी तीच बोलली. साठ आमचे, एक लाख वीस हा धनादेश, नावबदल आणि विमा रोख. फाइल नको, हाताळणी नको, कोटिंग नको, वॉरंटी नको. आकडा एकही चुकला नाही.

मालकांनी धनादेश उलटसुलट करून पाहिला. "हे सगळं कुणी शिकवलं, वहिनी?"

"आम्ही रोपवाले," ती म्हणाली. "मोजल्याशिवाय देत नाही आणि घेतही नाही."

"ते खरं. पण कुणी शिकवलं?"

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिने तिकडे पाहिलं नाही. मान दुखेपर्यंत पाहिलं नाही. नवराच मध्ये आला. हा कप वाजवणारा माणूस, स्वच्छ आवाजात म्हणाला, "मालक, गाडी द्यायची की नाही तेवढं सांगा. माझी रोपं चोवीस दिवसांची झालीत."

एक लाख ऐंशी हजार शेवटी एक लाख ऐंशी हजारच असतात. मालकांनी हाक मारली. फाइलवाल्या बाई कागद घेऊन आल्या, चष्मा नाकावर. "इथे सही. इथे. इथे अंगठा नको, सहीच." तिच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बाजूला व्हा जरा, उजेड येऊ द्या." तुम्ही. जणू कधी पाहिलंच नव्हतं.

तिला ते टोचलं, आणि दुसऱ्याच क्षणी कळलं. तिच्या मनात होतं, बाईंचे हात धरावेत, काहीतरी बोलावं, घरची रोपं आणून द्यावीत कुंडीत लावायला. यातलं काहीच करता येणार नव्हतं. ती उजेडातून बाजूला झाली. तेवढंच तिला देता येण्यासारखं होतं.

*

सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या दिवशी सहा खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला ट्रे थोडेच होते, म्हणून तीही मुलांना घेऊन गेली. वाटभर ती मागे वळून बघत होती. बंद काचांच्या आत रोपं नुसती हलकेच डुलत होती, झोपेत पोरं श्वास घेतात तशी.

बागवाल्याने एक रोप खळग्यातून अलगद ओढलं. पांढऱ्या मुळांचा गड्डा सबंध निघाला, एक कण सुटला नाही. तो चांगलं म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. मजुरांना एवढंच म्हणाला, "उतरवा रे, सांभाळून." नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो धूळ गेली म्हणून पुसत होता.

परतताना गाडी रिकामी होती. कप्प्यांच्या फळ्या खडबडत होत्या. बाळ तिच्या छातीशी घामेजून झोपलं होतं, त्याचा कान तिच्या हाडावर दाबलेला. नवरा शीळ वाजवत होता, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. तिला वाटलं, कुणाकुणाचं देणं लागतो आपण: सासूबाईंच्या तळव्याचं, मॅनेजरांनी खाली ठेवलेल्या पेनाचं, आणि त्या बाईंचं, ज्यांचं नावही विचारायचं राहून गेलं.

लेक खिडकीला नाक लावून बसली होती. काचेवर श्वासाचा ढग करायचा आणि त्यात बोटाने रेघा ओढायच्या, असं चाललं होतं. मध्येच तिचं बोट थांबलं.

"आई, त्या मावशी म्हणाल्या होत्या ना, कुणी विचारलं तर त्या खोटं सांगत नाहीत?"

"हो."

"मग मालकांनी त्यांनाच विचारलं तर?"

नवऱ्याची शीळ थांबली. तिच्या डोळ्यांसमोर ते अर्धं उघडं दार आलं. लेक काचेपासून वळून उत्तरासाठी तिच्याकडे बघत होती.